राजे जेवले, राजे झोपले

*पाचवा महिना, पौर्णिमेनंतर. राजवाड्याचं मागचं अंगण.*

बाबा,

मी आ-रोंग. तुमची मुलगी. बापाला असं सांगावं लागू नये, पण आठ वर्षांत तुमचं एकही उत्तर आलं नाही, तेव्हा आठवण करून दिलेली बरी.

पत्रं पोचत नसतील, अशी मी मनाची समजूत घालत होते. तीही आता राहिली नाही. इथल्या बर्फघरात दू काका म्हणून एक म्हातारे खोजे आहेत. त्यांचा भाचा सरकारी गाड्यांबरोबर सम्राटांच्या राजधानीला येतो-जातो. माझं प्रत्येक पत्र त्यानेच तुमच्या कारखान्यात नेऊन तुमच्या हातात दिलंय. म्हणाला, "तुझे वडील पत्राच्या बांबूच्या पट्ट्या घेतात, कमरेला खोचतात आणि पुन्हा दगडाला भोक पाडायला बसतात." वा! दगडाचं नशीब माझ्यापेक्षा बरं म्हणायचं.

तर कामाचं बोलते. राजे काही जगत नाहीत. हे तुम्हाला माझ्याआधीच कळलं असेल, कारण राजांना पुरताना घालायच्या जेडच्या पोशाखाची घाई करा असा निरोप इथूनच तुमच्याकडे गेलाय. वैद्य रोज नवीन काढा देतात आणि रोज नवीन तोंड करून बाहेर येतात. राजांचे पाय सुजलेत, जेवण जात नाही, राळ्याची पेज दोन घोट घेतात आणि मान फिरवतात. राजमाता त्यांच्या उशाशी बसून असतात. म्हातारीचा तो एकुलता एक. बघवत नाही.

राजे गेले की आमचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. ज्यांना मुलगा झाला, त्या मुलाबरोबर राहणार. आमच्यासारख्या रिकाम्या हाताच्या बाया थडग्याच्या बागेत जाणार. मरेपर्यंत. मेलेल्या राजाचं अंथरूण घालायचं, तोंड धुवायला पाणी ठेवायचं, वेळेवर ताट वाढायचं, ते आत जिवंत आहेत असं धरून. थोरल्या राजांच्या बागेत अजून एक म्हातारी आहे. ती तिथे गेली तेव्हा माझ्यापेक्षा लहान होती म्हणे. आता तिला दिसत नाही, तरी उशी बरोब्बर जागेवर ठेवते.

आणि कोणासाठी हो, बाबा? राजांनी आठ वर्षांत मला एकदाच हाक मारली, तीही दुसरीच्या नावाने. मी 'ओ' देऊन पुढे झाले तर म्हणाले, "तू नव्हे." एवढाच आमचा संसार.

म्हणून लिहितेय. पोशाख घेऊन तुम्हीच येणार हे इथे सगळ्यांना माहीत आहे. अंगावर चढवून छातीवरचा शेवटचा टाका तुम्हीच घालणार. तो टाका ज्याच्या हातचा, त्या कारागिराला इथलं राजघराणं एक मागणं मागू देतं. थोरल्या राजांच्या वेळच्या कारागिराने मुलासाठी सरकारी चाकरी मागितली होती आणि त्याला ती मिळाली.

बाबा, तुम्ही मला मागा.

मी जुनं उकरून काढणार नव्हते. पण लिहायला बसलं की हात थांबत नाही. मुली निवडायला राजवाड्याची माणसं गावात आली, त्याच्या आदल्या दिवशी आई म्हणत होती की आजच हिला कुंभाराच्या घरी देऊन टाकू, पोरगा चांगला आहे. तिने तुमचे पाय धरले. तुम्ही काय म्हणालात? "माझं माप चुकत नाही. पोरीचं भलं कशात आहे ते मला कळतं." नंतर दुसऱ्याच हिवाळ्यात आई गेली. मला ते मीठ विकायला आलेल्या माणसाकडून कळलं. मीठवाल्याकडून, बाबा! तेव्हापासून मी एका ओळीची वाट बघतेय. 'माझं चुकलं.' एवढीच ओळ. तुम्हाला लिहिता येतं. जेडच्या चकत्यांच्या पाठी आकडे घालता घालता मलाही तुम्हीच शिकवलंत.

असो. ओळ राहू द्या. तुम्ही या आणि मला मागा, म्हणजे सगळं फिटलं.

तुमची आ-रोंग

*सहावा महिना, अमावास्येच्या सुमारास. बर्फघर.*

बाबा,

राजे गेले.

तुम्ही वाटेवर असाल. दू काकांचा भाचा म्हणाला की शेवटच्या मुक्कामावर तुम्हाला गाठून हे देईन. देईल तर बरं, कारण इथे जे झालंय ते तुम्ही राजवाड्याचा उंबरा ओलांडण्याआधी तुम्हाला कळायला हवं.

सगळं रीतीप्रमाणे झालं. प्राण गेला तसा एक जण राजांचा अंगरखा घेऊन छपरावर चढला आणि उत्तरेकडे तोंड करून "परत या, परत या" असं ओरडला. आम्ही सगळ्या खाली अंगणात माना वर करून उभ्या. माझ्या शेजारची ह्वान मला हळूच म्हणाली, "खरंच परत आले तर आपण सुटलो गं." तिला कोपराने ढोसलं, पण मीही तेच म्हणत होते मनात. एवढ्या मनापासून मी राजांना कधीच बोलावलं नव्हतं. आले नाहीत. अंगरखा खाली आणून त्यांच्या अंगावर पसरला, तो हललासुद्धा नाही.

मग सुवासिक दारूने अंग धुतलं. नखं कापून इवल्याशा पिशव्यांत भरली. जिभेवर जेडचा किडा ठेवला, उन्हाळ्यात झाडावर बसून कोकलतो ना, तसला. आणि त्यांना बर्फावर निजवलं. पलंगाखाली मोठमोठी पात्रं, त्यांत बर्फ, वर जाळीचं अंथरूण. पोशाख येईपर्यंत अंग टिकलं पाहिजे. बर्फ वितळला की पाणी उपसायचं आणि नवीन लाद्या भरायच्या. हे काम दू काकांकडे, आणि त्यांच्या हाताखाली ह्वान आणि मी. माझी बोटं सोलवटलीत, अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळे.

परवा दुपारी राजमाता आल्या. एकट्याच. सगळ्यांना वाटलं, रडतील आणि जातील. त्यांनी राजांच्या पायाला हात लावला आणि दचकल्या. "केवढा गार पडलाय हा!"

दू काका म्हणाले, "राजमाता, बर्फ आहे खाली."

"दिसतंय मला. काढा तो."

"राजमाता, दिवस उन्हाळ्याचे..."

"लहानपणापासून याला थंडी सोसत नाही! माझं लेकरू कुडकुडतंय आणि तू मला उन्हाळा सांगतोस? काढ म्हणते ना!"

काय करणार, बाबा? राजमातेला 'तुमचा मुलगा मेलाय' असं कोण सांगणार? आणि त्या तरी काय वेगळं करत होत्या? आम्ही सगळेच इथे मेलेल्या राजांना विचारून दिवा लावतो, विचारून ताट उचलतो. मेलेल्याला जिवंत मानायचं हीच रीत. त्यांनी ती फक्त खरी मानली. आम्ही बर्फ काढला. त्यांनी रजया मागवल्या, रेशमाच्या, आत कापूस नव्हे तर रेशमाचाच पुंजका भरलेल्या. मग शेगडी मागवली. शेगडी मी नेली. आणि म्हातारी मांडीवर मुलाचे पाय घेऊन चोळत बसली ती दिवे लागेपर्यंत. मध्येच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता आली बघ जरा ऊब." मला रडू फुटलं. माझी आई अशीच माझे पाय चोळायची, आठवतं ना?

त्या गेल्यावर आम्ही धावत बर्फ भरला. पण उन्हाळा तो उन्हाळा. सकाळी राजांच्या कमरेचा पट्टा बसेना. दू काका भिंतीला टेकून खाली बसले. आज पोट आणखी वर आलंय.

तुम्ही समजलात ना? पोशाख आला आणि अंगावर बसला नाही तर अंग का फुगलं ते विचारणार. राजमातेचं नाव कोण घेणार? बर्फ सांभाळणाऱ्यांचं नाव घेणार. आणि राजाचं अंग नासवणाऱ्याची शिक्षा काय, ते लहान पोरालाही माहीत आहे. राजांबरोबर थडग्यात जायला माणसं कमी पडत नाहीत मग.

बाबा, पोशाख थोडा सैल ठेवलाय ना हो? तुम्ही ठेवत नाही, मला ठाऊक आहे. तुमची चकती चकतीला अशी भिडते की केस जाणार नाही. तरी विचारते. या खेपेला तरी हात जरा ढिला पडला असू दे.

आ-रोंग

*सातवा महिना, सप्तमी उलटून गेल्यावर.*

बाबा,

तुम्हाला कुठे नेलंय ते नक्की माहीत नाही. दू काका म्हणतात, उत्तरेला, भिंत बांधायला. पत्र पोचेल तेव्हा पोचेल.

तुम्ही आत आलात तेव्हा मी पडद्यामागेच होते. आम्हाला तिथे रडायला बसवलं होतं, पाळीपाळीने. आधी तुमचा खोकला ऐकला. दगडाची धूळ गेलेल्या माणसाचा तो खोकला मी कुठेही ओळखेन. माझी रडायची पाळी नव्हती, तरी मी रडले. अधिकारी आतून ओरडला, "पुरे, पुरे, आता कारागिराला काम करू द्या!"

पडद्याच्या फटीतून तुमचे हात तेवढे दिसत होते. किती म्हातारे झालेत! तुम्ही पायमोजे चढवलेत, मग पायांचे तुकडे, हातमोजे, बाह्या. चेहऱ्याचा तुकडा ठेवलात. सगळं बसत होतं. मग छातीच्या दोन्ही बाजू ओढल्यात आणि त्या मिळाल्या नाहीत. तुम्ही पुन्हा ओढल्यात. मधे चांगली हाताएवढी फट. बाहेरच्या अंगणात दू काका आणि ह्वान गुडघ्यांवर बसवलेले होते. अधिकाऱ्याने आधीच तयारी ठेवली होती. मला रडायच्या पाळीसाठी आत घेतलं होतं इतकंच, माझी जागा त्यांच्या शेजारीच होती.

अधिकारी म्हणाला, "काय झालं?"

तुम्ही त्या फटीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलंत.

"राजांच्या अंगाबद्दल वावगा शब्द काढायचा नाही. मी विचारतो तेवढं सांग. अंग वाढलंय की पोशाख लहान झालाय? अंग वाढलं असेल तर बर्फवाले बाहेर बसलेलेच आहेत. त्यांचं आम्ही बघून घेऊ."

राजमाता उशाशी होत्या. त्यांनी मान खाली घातली. त्यांना कळलं होतं, बाबा. शप्पथ सांगते, त्या क्षणी त्यांना सगळं कळलं होतं. पण त्या बोलल्या नाहीत.

आणि तुम्ही बोललात. "पोशाख लहान झाला. माझं चुकलं. माप माझंच चुकलं."

मी तोंडात बाही कोंबली. आठ वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली ते असे आले. जिथे तुमचं खरंच चुकलं, तिथे कधी आले नाहीत. जिथे केसभरही चुकलं नव्हतं, तिथे सगळ्या दरबारासमोर आले!

तुम्ही त्या फटीत रेशमी पट्टी घातलीत, बाजूच्या चकत्या सोडवून तिच्यावर ओवल्यात आणि सोन्याच्या तारेने टाके घातलेत. शेवटचा टाका तुमच्याच हातचा. पण चुकलेल्या कारागिराला कोण म्हणणार, काय हवं ते माग म्हणून? तिथेच तुमचं डोकं भादरलं. गळ्यात लोखंडी कडं घातलं.

पहिले काही दिवस मी तुमच्यावर चिडले होते. खरं सांगते. वाटलं, यांना माझं दुसरं पत्र मिळालंच नसणार. बाहेर बसलेल्या परक्या माणसांची दया आली आणि पोटच्या पोरीची सुटका यांनी त्यांच्यावर ओवाळून टाकली. मग दू काका भेटले. त्यांनी भाच्याकडून सगळं काढून घेतलं होतं. म्हणाले, "पत्र मिळालं. वाचलं त्यांनी, दोनदा. मग चुलीत घातलं आणि एवढंच विचारलं, पोरगी बारीक झालीय का म्हणून."

झालेय, बाबा. पण तशी बरी आहे. जिवंत आहे. उद्या आम्हाला बागेत नेणार.

तुमची आ-रोंग

*अकरावा महिना, पहिला बर्फ पडल्यावर. थडग्याची बाग.*

बाबा,

दू काकांचा भाचा आता उत्तरेच्या गाड्यांवर लागलाय. तुम्ही दिसता, पाठ वाकलीय पण चालता, असं सांगत होता. लोकरीचे पायमोजे पाठवतेय. कड्याखाली मानेला चिंधी गुंडाळत जा, नाहीतर थंडीत लोखंड कातडीला चिकटतं.

माझं सांगायचं तर नवरा मेल्यावर माझा संसार सुरू झालाय. पहाटे ढोल वाजला की मी उठते. तोंड धुवायला कोमट पाणी, फणी, कपडे. मग ताट. दुपारी पुन्हा ताट. संध्याकाळी अंथरूण घालायचं, रजईचा कोपरा दुमडून ठेवायचा आणि म्हणायचं, "राजे, आता निजावं." टेकडीच्या पोटात ते निजलेलेच आहेत, सोन्याच्या तारांनी शिवून, कोळसा आणि पांढऱ्या मातीच्या थरांखाली. ह्वानला भारी मजा वाटते. म्हणते, "आठ वर्षं तुझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि आता बघ कसे तुझ्याच हातचं खातात!" खातात पहारेकरी. उरलेलं चिमण्या. बागेतल्या चिमण्या बघाल तर कोंबड्यांएवढ्या झाल्यात.

राजमाता दर पंधरवड्याला येतात. आम्हाला ओळीने उभं करतात आणि विचारतात. "राजे जेवले?" "जेवले." "राजे झोपले?" "झोपले." "काही म्हणाले?" याला सगळ्या जणी "नाही" म्हणतात आणि राजमाता मान डोलावतात आणि परत जातात. दर वेळी त्या "काही म्हणाले?" हे जरा हळू विचारतात. ऐकवत नाही हो.

गेल्या खेपेला माझ्यापाशी आल्या, विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणाले."

ह्वानने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता हीच मला जमिनीत गाडते.

राजमातेने माझा हात धरला. "काय म्हणाला?"

"स्वप्नात आले होते. म्हणाले, पोशाख अंगाला नीट बसलाय. शिवणाऱ्याला उगाच शिक्षा झाली, त्याला सोडायला सांगा."

"आणि? थंडी वाजते म्हणाला?"

"नाही. ऊब आहे म्हणाले."

मग त्यांनी अगदी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "बर्फाबद्दल काही म्हणाला? माझ्याबद्दल?"

"बर्फाबद्दल काही नाही. आई बरी आहे ना, असं विचारत होते."

त्या मटकन खाली बसल्या, त्या थंडीत, ओल्या फरशीवर. आणि हंबरडा फोडला. मला वाईट वाटलं, बाबा, पण मेलं सुखही वाटलं. मी खोटं बोलले आणि त्या खोट्याने एका आईला झोप लागली असेल त्या दिवशी. जाताना त्यांनी लेखनिकाला बोलावून तुमच्या सुटकेचा हुकूम लिहायला सांगितला. मी ऐकलंय. माझ्या कानांनी ऐकलंय! हुकूम उत्तरेला पोचायला वसंत उजाडेल.

ह्वान रागावली. "मूर्खे, एवढं धाडस केलंस तर स्वतःचं नाव घ्यायचंस! राजे म्हणाले, आ-रोंगला घरी पाठवा. संपलं!"

हे माझ्याही ओठांवर होतं. पण बाबा, राजांनी एका दमात दोन मागण्या केल्या असत्या तर म्हातारीला संशय आला असता. आधी तुम्ही. माझं नंतर, राजे हळूहळू सांगतील. आता घाई काय आहे? तुम्ही घरी जा, छप्पर शाकारून घ्या, बोराच्या झाडाखालची जागा झाडून ठेवा. मी येईन.

आ-रोंग

*तिसरा महिना, तुतीला पालवी फुटल्यावर.*

बाबा,

तुम्ही सुटलात हे कळलं. कडं काढताना मान सोलली गेली तेही कळलं. डुकराची चरबी लावा आणि उन्हात फिरू नका.

हे पत्र दू काकांचा भाचा तुम्हाला वाटेतच देईल. मीच त्याला पिटाळलंय. तुम्ही घरी न जाता थेट इकडे निघालात म्हणे. का निघालात तेही मला माहीत आहे. राजधानीहून माफीचा हुकूम आलाय. दोन वर्षं पाऊस नाही, बागांमध्ये कोंडलेल्या बायांचे तळतळाट लागले असं कोणीतरी सम्राटांच्या कानावर घातलं. थडग्यांच्या बागेतल्या ज्या बायांना माहेरचं माणूस न्यायला येईल, त्यांनी घरी जावं. असा हुकूम. आमच्याकडे तो वाचून दाखवला तेव्हा ह्वानने माझ्या गळ्याला मिठी मारली आणि दोघी नाचलो, थडग्यासमोर, पायांतले बूटही न काढता. एक पहारेकरीही हसला.

मी गाठोडं बांधलं. त्यात होतं काय, दोन अंगरखे आणि एक फणी. तरी दोनदा सोडून पुन्हा बांधलं.

काल राजमाता आल्या. जाणाऱ्या बायांना एकेक रेशमी ताका देत होत्या. माझ्यापाशी आल्या, तेव्हा ताका मागे घेतला. अधिकाऱ्याला म्हणाल्या, "ही नाही."

अधिकारी म्हणाला, "राजमाता, सम्राटांचा हुकूम..."

"हुकूम सेवा करणाऱ्या बायांसाठी आहे. ही सेवा करणारी नव्हे. माझा मुलगा हिच्याशी बोलतो. ही गेली तर तो बोलणार कोणाशी?"

मी त्यांच्या पायांवर पडले. म्हटलं, "राजमाता, आता ते बोलत नाहीत. थंडीपासून एकदाही आले नाहीत स्वप्नात."

त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. मायेने, बाबा. इतक्या मायेने की ओरडावंसं वाटलं. म्हणाल्या, "येईल गं. लहानपणीही असाच रुसायचा, मग बोलायचा. तू थांब. तुझी मी कधीच आबाळ होऊ देणार नाही."

मग मला काय करता येत होतं? खोटं बोलले असं सांगायचं? सांगितलं की तुमच्या गळ्यात पुन्हा कडं, आणि या खेपेला नुसतं कडं नाही. तेव्हा मी गप्प बसले. ह्वान रडत रडत गेली. तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला होता.

उद्या आणि परवा दारापाशी बायांचे बाप, भाऊ, काका उभे राहतील. पहारेकरी एकेकीचं नाव पुकारतील. बाबा, तुम्ही त्यांच्यात उभे राहू नका. नाव पुकारलं जाणार नाही आणि तुम्ही शेवटपर्यंत उभे राहाल, मला तुमचा स्वभाव ठाऊक आहे. भिंतीवरून हाक मारायचा विचारही करू नका. मला ती ऐकू आली तर माझ्याने राहवणार नाही.

परत फिरा. घरी जा. आईच्या कबरीवर जाल तेव्हा तिला सांगा की पोरगी रागावलेली नाही. तिला खोटं सांगू नका, हे खरंच आहे. राग संपला, त्या दिवशी पडद्यामागेच संपला. नंतर लिहिलं ते नुसतं तोंड चालवणं होतं.

परवानंतर बागेत मी आणि पहारेकरीच. ताट मीच वाढायचं, अंथरूण मीच घालायचं. राजमाता आता पंधरवड्याची वाट बघत नाहीत, रोज येईन म्हणाल्यात. उद्या सकाळी येतील, माझा हात धरतील आणि विचारतील. राजे काय म्हणाले, ते मला अजून ठरवायचंय.

तुमची,
आ-रोंग